अथेन्सची मुलगी, स्पार्टाची सून

दरवर्षी ग्रीक नगरराज्यांवरचा तास आला की मी वर्गाला एक प्रश्न विचारते. राहायला कुठे जाल, अथेन्सला की स्पार्टाला? तोवर दोन्हीकडची रीतभात सांगून झालेली असते. अथेन्समध्ये टेकडीवर सभा भरायची, नागरिक हात वर करून निर्णय घ्यायचे, नाटकं बघायचे, बाजारात उभे राहून वाद घालायचे. स्पार्टात मुलगा सात वर्षांचा झाला की त्याला आईपासून काढून छावणीत टाकायचे. अंगावर एकच वस्त्र, झोपायला बोरूच्या काड्यांचं अंथरूण, आणि मोठेपणीही पुरुषांनी रोज एकत्र बसून तेच ते काळं कालवण ओरपायचं. मग मुलं हात वर करतात आणि जवळजवळ सगळे हात अथेन्सला जातात. मागच्या बाकावरचा एखादा जिमला जाणारा स्पार्टा म्हणतो, त्यावर हशा पिकतो, आणि मी समाधानाने खडू खाली ठेवते.

या तासाला मी एक फुशारकीही मारायचे. "मी दोन्हीकडे राहिलेय बरं का. माझं माहेर अथेन्स आणि सासर स्पार्टा." घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात येणारी मुलं आजूबाजूचीच असतात, त्यांना असल्या गोष्टी आवडतात. मग मी विक्रोळीचे आणि बोरीवलीचे दोन-चार किस्से सांगायचे, तास संपायचा. यंदा मी ते वाक्य गाळलं. ते तोंडाशी आलं होतं, पण बोलायची लाज वाटली.

विक्रोळीला कारखान्याच्या मागच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. आम्ही परभणीकडचे बौद्ध. वडील तरुणपणी मुंबईत आले, कारखान्यात लागले, आणि शाळेत जे मिळालं नाही ते त्यांनी वाचून भरून काढलं. त्यांना एकाच गोष्टीचा गर्व होता, तो म्हणजे "आपल्या घरात लोकशाही आहे". ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत सतरंजी पसरून सभा भरायची. टीव्ही घ्यायचा की फ्रिज, दादाने डिप्लोमा करायचा की सायन्सला जायचं, गावाकडच्या लग्नाला कोण जाणार, सगळं त्या सतरंजीवर ठरायचं. प्रत्येकाने आपली बाजू मांडायची, दुसऱ्याचं मधे तोडायचं नाही, आणि शेवटी हात वर. दहा वर्षं पूर्ण झाली की मताचा हक्क, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. माझ्या दहाव्या वाढदिवसाला केक आला नाही, पण वडिलांनी मला स्वतःच्या शेजारी बसवलं आणि म्हणाले, "आजपासून हिचाही हात मोजायचा." चाळीतल्या बाकीच्या मुलींना वाढदिवसाला फ्रॉक मिळत होते, मला मत मिळालं. आज मी वर्गात उभी राहून बोलू शकते ती त्या सतरंजीमुळे, हे मी कधीच नाकारणार नाही.

अथेन्सच्या न्यायालयात भांड्यातलं पाणी गळून संपलं की बोलणाऱ्याने थांबायचं, असा नियम होता. आमच्याकडे उलटं. नळाला पाणी आलं की सभा संपायची, कारण आईच्या हंड्या-बादल्यांच्या आवाजात मग कुणाचंच बोलणं ऐकू यायचं नाही.

आई सभेच्या वेळी आतल्या खोलीच्या दाराशी असायची. कधी परातीत कणीक, कधी गॅसवर भजी. चहा एकदा व्हायचा, वाद रंगला की दुसऱ्यांदा व्हायचा. तिला मत नव्हतं असं नाही, फक्त ते कुणी विचारायचं नाही. वडील म्हणायचे, "ती सगळ्यांच्याच बाजूने असते, तिचं मत कुणाच्या पारड्यात टाकायचं?" आम्ही हसायचो. आईही हसायची. मला ते वाक्य कित्येक वर्षं फार प्रेमळ वाटत आलं.

आता सासर. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि ते घरी बसले, ते बसलेच. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. त्यांनी रडण्यात वेळ घालवला नाही, बोरीवलीला भाड्याच्या घरात खानावळ काढली. बँकेतला साहेब असो की नळ दुरुस्त करणारा, एकाच पंगतीत बसणार आणि एकच जेवण जेवणार: भात, कुळथाची पिठी, एक भाजी, बुधवारी बांगडा. सातला ताट वाढलं जायचं. उशिरा येणाऱ्याला दार बंद. सतत उशीर करणाऱ्या एकाला त्यांनी महिना अर्धा असताना काढून टाकलं, तो हातापाया पडला तरी. त्या खानावळीवर त्यांनी दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तोही स्वतःच्या नावावर. सासऱ्यांनी ब्र काढला नाही म्हणतात. ते तसेही फारसं बोलत नसत.

मी लग्न होऊन आले तेव्हा खानावळ बंद झाली होती, पण शिस्त तशीच चालू होती. पाचला उठायचं. सातला जेवायचं. जेवताना बोलायचं नाही. आपलं ताट आपण धुवायचं, मग तो माझा नवरा असो की पाहुणा आलेला जावई. वाद झालाच तर त्यात मतं मोजण्याची भानगड नव्हती. स्पार्टात ज्येष्ठांची निवड ओरडून व्हायची. पंच बंद खोलीत बसून कान देऊन ऐकायचे आणि ज्याच्यासाठी जास्त गलका होईल तो निवडून यायचा. आमच्याकडे गलका नेहमी सासूबाईंच्याच बाजूने जास्त व्हायचा, कारण तो त्या स्वतःच करायच्या.

आमच्या लग्नाची गोष्ट मी वर्गात हमखास सांगायचे. आम्ही बौद्ध, ते मालवणी मराठा. माझ्या घरी त्यावर तीन रविवार चर्चा झाली. समाज काय म्हणेल, सासरी मानाने वागवतील का, सगळ्या बाजू तपासून मग हात वर झाले आणि ठराव मंजूर. सासरी जेवणं उरकल्यावर सासूबाईंनी मुलाला एवढंच विचारलं, "तुका पटली मां? मग झाला." आणि मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आमच्याकडे पाचाक उठूचा लागतला हां." वर्गात यावर मुलं खदखदून हसायची. मीही हसायचे. विचार न करता हो म्हणणारी बाई असंच मी त्यांना मनात धरून ठेवलं होतं.

त्यांची मला लाजही वाटायची. कॉलेजातले तिघे सहकारी एकदा घरी जेवायला आले होते. मी सोफ्यावर गप्पा रंगतील अशा बेतात होते. सातच्या ठोक्याला सासूबाईंनी जमिनीवर पाट मांडले, आम्हाला ओळीने बसवलं आणि पानात कुळथाची पिठी वाढली. एकाने बिचाऱ्याने विद्यापीठाच्या परीक्षांवर काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "जेवताना बोला नको, ठसको लागता." पुढे चौघंही मुकाट जेवलो. जेवण झाल्यावर प्रत्येकाला आपलं ताट बेसिनपर्यंत न्यायला लावलं ते वेगळंच. त्यांना खाली सोडायला जाताना मी दारातच म्हटलं, "सॉरी हं, स्पार्टा आहे हे." ते हसले. सासूबाई आत भांडी लावत होत्या. त्यांनी ऐकलं असलं तरी तसं दाखवलं नाही.

वडील गेल्यावर आई विक्रोळीला एकटीच राहायची. मागच्या थंडीत तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा ती काही दिवस आमच्याकडे बोरीवलीला आली. पट्टी निघाल्यावर सासूबाईंनी तिला रोज सकाळी नॅशनल पार्कात फिरायला नेलं. स्वतःचे जुने कॅनव्हासचे बूट दिले आणि साडीवर घालायला लावले. मी आईला बाजूला घेऊन म्हटलं, "थोडे दिवस सहन कर गं. त्यांचा स्वभावच तसा आहे." आई नुसती हसली. हसणं हे तिचं नेहमीचं उत्तर, त्यामुळे मी त्याचा फार विचार केला नाही.

नंतर चाळ पाडून तिथे टॉवर बांधायचं पक्कं झालं. दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या आणि नवं घर मिळायला काही वर्षं लागणार होती. तोवर आई राहणार कुठे, हा प्रश्न होता. दादाने साहजिकच रविवारची सभा बोलावली. तो कल्याणहून आला, धाकटा भाऊ पनवेलहून. वहिनींना दोघींनाही जमलं नाही. मी निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "मीय येतंय. गावसून कुळीथ इलेत, विहिणीक देऊचे आसत." एवढंच कारण. त्या आल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. सतरंजी तीच होती, फक्त वडिलांची जागा मोकळी होती.

"मुद्दा एकच," दादा म्हणाला. "आई कुठे राहणार."

कल्याणला इमारतीला लिफ्ट आहे, पण घर लहान. पनवेलला हवा चांगली, पण दवाखाना लांब. दादा बोलला, धाकटा बोलला, कुणी कुणाला तोडलं नाही. मग मी बोलले, आणि खरं सांगायचं तर तिघांत मीच छान बोलले. मी म्हटलं, आईची जबाबदारी कुणा एकावर टाकणं न्यायाचं होणार नाही. सहा महिने कल्याण, सहा महिने पनवेल, आळीपाळीने. सणावाराला कुठे, आजारपणात कुठे, सगळं मी मुद्देसूद मांडलं.

धाकटा म्हणाला, "ताई, तुझ्याकडे नको का काही दिवस?"

"आमच्याकडची शिस्त आईला झेपायची नाही रे," मी हसत म्हटलं. कोपऱ्यातल्या खुर्चीकडे मी मुद्दाम बघितलं नाही. वडील असते तर माझी पाठ थोपटली असती, असं त्या क्षणी मला वाटलं होतं. हे लिहिताना आता हात जड होतो.

"ठीक. सहा-सहा महिने," दादा म्हणाला. "हात वर."

आमचे तीन हात वर गेले. त्याच वेळी आई आतल्या दारात आली. ती कांदाभजी तळत होती. मनगटापर्यंत बेसन लागलेला उजवा हात तिने वर केला आणि तशीच उभी राहिली.

"हो आई, आण की," धाकटा म्हणाला. "गरमच आण."

"माझ्या चहात साखर कमी गं," मी म्हटलं.

आईचा हात खाली आला नाही. बेसनाचा ओघळ कोपरापर्यंत आला. दादा तीन हातांनी ठराव पक्का झाला असं काहीतरी म्हणत होता.

"तीन खंयचे?" सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "चार हात आसत."

आम्ही तिघांनी मान वळवली. आधी त्यांच्याकडे, मग आईकडे. आत तेल करपायला लागल्याचा वास येत होता, पण उठलं कुणीच नाही. माझा हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचं मला सुचेना, आणि खाली घेतल्यावर कुठे ठेवायचा तेही सुचेना.

दादाने घसा साफ केला. "अगं आई, म्हणजे, तुझं पण मत आहे का? सहा-सहा महिने चालतील ना तुला?"

"मी त्याच्यासाठी नाई केला वर," आई म्हणाली.

"मग?"

"मला बोरीवलीला राहायचंय. विहीणबाईंकडं."

धाकट्याला हसू आलं, ते त्याने अर्ध्यावर गिळलं. दादा म्हणाला, "तिथे का? पोटची मुलं असताना मुलीच्या सासरी? लोक काय म्हणतील?"

आईने आधी बेसनाचा हात पदराला पुसला. एवढ्या माणसांनी एकाच वेळी आपलं बोलणं ऐकायला थांबावं, याची तिला सवय नव्हती. मग ती म्हणाली, "तिथं सात वाजता जेवायला मिळतंय. वाढलेलं. आपलं ताट आपण धुतलं की झालं. मग कुणी चहा मागत नाई. सकाळी फिरायला बी जाता येतं."

माझी नजर समोरच्या, पहिल्या चहाच्या रिकाम्या कपावर होती. आत्ताच मी साखर कमी घालायला सांगितली होती.

"पाचाक उठूचा लागतला हां," सासूबाई म्हणाल्या.

"उठते की," आई म्हणाली, आणि गॅस बंद करायला आत गेली.

झालं, एवढ्यावर ठरलं. ठराव नाही, चर्चा नाही. दादा आईवर थोडा रुसला आणि मग निवळला. परतताना रिक्षात मी सासूबाईंना काहीतरी म्हणायला गेले. आभार की माफी, मलाच नीट ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "कुळीथ देऊचे रवले की गो. पिशवी माझ्या हातातच आसा." त्यांना त्याचीच जास्त चुटपूट लागली होती.

मला मात्र जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. अथेन्समध्ये नागरिकांच्या घरातल्या बायकांना सभेत जागा नव्हती, जमीन त्यांच्या नावावर होत नसे, चांगल्या घरची बाई म्हणजे आतल्या खोलीतली बाई. हे मी दरवर्षी 'मर्यादा' या मथळ्याखाली चार ओळींत शिकवते. स्पार्टातल्या मुली धावायच्या, कुस्ती खेळायच्या, जमिनी बाळगायच्या आणि पुरुषांना फटकन उत्तर द्यायच्या. हेही शिकवते, आणि त्यावर मुलींच्या बाकांवर जरा हालचाल झाली की मला बरं वाटतं. दोन्हीकडे शेतात आणि घरात राबणारी माणसं मोजणीत कुठेच नव्हती, हेसुद्धा मी सांगते. हे सगळं तोंडपाठ असूनही माहेर अथेन्स म्हणताना मला आतल्या दारात उभी असलेली बाई एकदाही आठवली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दिवा माझ्याच हातात होता, म्हणून लाज जास्त वाटते.

सासूबाई त्यामुळे देवी झाल्या असं नाही. त्या आजही माझ्यावर ओरडतात, आईवरही ओरडतात. आईने ताट नीट घासलं नाही तर ते परत घासायला लावतात. पण त्या आईला विचारतातही. भाजी कुठली, बांगडा की सुरमई, पार्कात कुठल्या वाटेने जायचं. आई उत्तर देते, कधी उलटही बोलते. कुळथाच्या पिठीत लसूण कमी पडतो, हे मी इतक्या वर्षांत बोलू शकले नव्हते. ती आल्यावर आठवड्यात बोलली. त्यावर बराच गलका झाला, आणि आता लसूण जास्त पडतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी मीही दोघींबरोबर पार्कात गेले. सासूबाई नेहमीप्रमाणे झपाझप पुढे निघून गेल्या. आईच्या बुटाची नाडी सुटली म्हणून आम्ही बाकावर बसलो. तिचे आता स्वतःचे बूट आहेत, पांढरे. तिला वाकायला त्रास होतो म्हणून मी खाली बसायला लागले, तर तिने मला हाताने बाजूला केलं.

मला तिला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. मनातली बोच थोडी कमी व्हावी असंही असेल. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी छान केलंस गं. पहिल्यांदा हात वर केलास, पण ठामपणे."

ती नाडीची गाठ मारत होती. वर न बघता म्हणाली, "पहिल्यांदा नाई. तुझे बाबा होते तेव्हा बी करायचे मी. कधी कधी."

"कधी? मग आम्ही काय म्हणायचो?"

"बाबा म्हणायचे, हां, चहा टाक. दादा म्हणायचा, भजी." तिने दुसरी नाडीही सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "तू म्हणायचीस, मला दूध."

लांबून सासूबाईंची हाक आली, चला गो, ऊन चढता. आई उठली, पदर खोचला आणि चालायला लागली. मी तिथेच बसून राहिले. दूध मला आठवत होतं. पिवळ्या कपातलं, मला आवडायचं तसं साय काढलेलं. तिचा वर केलेला हात मात्र काही केल्या आठवेना.